जपानचे दोन फुटबॉलपटू, नाकाता की नाकामुरा, लोकांचा लाडका कोण?
नाव जास्त गाजलं ते हिदेतोशी नाकाताचंच, १९९८ ला इटलीच्या पेरुजा क्लबकडून पहिल्याच मॅचला तिथल्याच युव्हेंटसविरुद्ध २ गोल मारले आणि २००१ मध्ये रोमा क्लबकडून त्यांचा स्टार टोटीच्या जागी येऊन त्याच युव्हेंटसला लांबून असला काही गोल ठोकला की बास, पुढे रोमाने इटलीची लीगही जिंकली. पण २००६ च्या वर्ल्डकपनंतर २९ व्या वर्षीच रिटायर झाला राव, अजून हळहळ वाटते!

शुन्सुके नाकामुराचं वेगळंय. २००२ च्या वर्ल्डकप टीममध्ये घेतलंच नव्हतं त्याला. मग २००६ ला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध डाव्या पायाने ती फ्री किक, बॉल समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीवरून वळून थेट जाळ्यात, ग्लासगोवाले अजून तिच्याबद्दल बोलतात. जपानमध्येही २०२२ पर्यंत खेळत राहिला. प्रसिद्धी नाकाताची मोठी, पण जीव लावला तो लोकांनी नाकामुरालाच, असं मला तरी ठाम वाटतं.