एटीआरच्या कॉकपिटमधली पहिली नोकरी: काम अव्वल, करारपत्र मात्र ओळ न् ओळ वाचा

सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) झालंय, लॉगबुकात दोनशे-सव्वादोनशे तास आहेत आणि एखाद्या प्रादेशिक विमान कंपनीचं ऑफर लेटर हातात पडलंय. घ्यावं का? आमचं मत आधीच सांगतो. विमान हातानं उडवायला शिकायचं असेल तर भारतात याहून चांगली पहिली नोकरी नाही. पण ही नोकरी कंपनीगणिक फार बदलते. एका ठिकाणी दोन-अडीच वर्षांत एटीपीएलचे, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सचे तास भरतात, तर दुसऱ्या ठिकाणी तेवढ्याच काळात माणूस बाँडमध्ये (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याच्या करारात) अडकून घरी बसलेला असतो. कुठं काय होणार हे कंपनीच्या ताफ्यावर आणि करारपत्रातल्या चार-पाच कलमांवर ठरतं.

पर्याय मोजकेच आहेत. सरकारी अलायन्स एअरकडं एटीआर ७२, एटीआर ४२ आणि डॉर्निअर २२८ आहेत. कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ च्या जानेवारीपासून उडते. तिच्याकडं ५० आसनी एम्ब्रेअर १४५ आणि ७६ आसनी एम्ब्रेअर १७५ आहेत. गोव्यात मोपाला तळ असलेली फ्लाय९१ मार्च २०२४ पासून एटीआर ७२-६०० वर चालते. ओडिशातल्या लहान धावपट्ट्यांवर इंडियावन एअरची नऊ आसनी सेसना कॅरव्हॅन जाते. आणि इंडिगोसारख्या मोठ्या कंपनीच्या पोटातही चाळीसहून जास्त एटीआरचा ताफा आहे. कामाच्या दृष्टीनं तोही प्रादेशिकच, पण नोकरीच्या दृष्टीनं त्याचं गणित वेगळं. त्याकडं पुढं येतो.

आधी विमान. एटीआर ७२-६०० हे २३ टनांचं, दोन टर्बोप्रॉप (प्रॉपेलर फिरवणाऱ्या) इंजिनांचं विमान. ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा नाही. चढताना, समतल होताना, उतरताना पॉवर लिव्हर तुम्हीच हलवायचे आणि टॉर्ककडं (इंजिनाच्या जोराच्या आकड्याकडं) लक्षही तुम्हीच ठेवायचं. उंचीची कमाल मर्यादा २५,००० फूट, त्यामुळं जेट ज्या ढगांच्या वरून जातं त्यांच्या मधून किंवा बाजूनं एटीआरला वाट काढावी लागते. बर्फ धरायला लागला की वेगाची खालची मर्यादा वाढते आणि ती पाळावीच लागते. १९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉनला पडलेलं एटीआर ७२ बर्फामुळंच गेलं, ६८ जीव गेले. त्यानंतर पंखांवरचे बर्फ तोडणारे रबरी बूट मोठे करण्यात आले.

दुसरा धडा नेपाळमधल्या पोखऱ्याचा. १५ जानेवारी २०२३ ला यती एअरलाइन्सचं एटीआर उतरण्याच्या बेतात असताना फ्लॅप्सच्या (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांच्या) लिव्हरऐवजी प्रॉपेलरचे दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरला गेले, म्हणजे पाती वाऱ्याला कडेनं वळली. प्रॉपेलरचा ओढा संपला, ७२ माणसं गेली. दिवसातून चार-चार वेळा तीच चेकलिस्ट, त्याच कॉलआउट्स म्हणताना हात सवयीनं पुढं जातो आणि डोळे मागं राहतात. म्हणून ज्या कंपनीत 'फ्लॅप्स' म्हटल्यावर समोरचा लिव्हर बघून, धरून, मग हलवण्याचा आग्रह धरणारे इन्स्ट्रक्टर आहेत, ती कंपनी शिकायला चांगली. मुलाखतीच्या वेळी तिथल्या फर्स्ट ऑफिसरना (सहवैमानिकांना) हे जरूर विचारा.

जमिनीवरचा त्रासही विमानातूनच येतो. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज नि हवा देणारं छोटं जादा इंजिन नसतं. उजव्या इंजिनाच्या प्रॉपेलरला ब्रेक लावून इंजिन तसंच चालू ठेवतात आणि त्यातून वीज नि हवा घेतात. याला हॉटेल मोड म्हणतात. लहान विमानतळावर ग्राउंड पॉवर किंवा एसी युनिट मिळेलच याची खात्री नसते, तिथं सगळी भिस्त याच्यावर. मागून वारा जोरात असला की हॉटेल मोड वापरता येत नाही. मग मे महिन्यात जळगावला पंचवीस-तीस मिनिटांच्या थांब्यात कॉकपिट भट्टीसारखं तापतं, आणि त्याच घामट अवस्थेत पुढच्या सेक्टरचं वजन, इंधन आणि धावपट्टीचा हिशेब करायचा असतो. पाण्याची बाटली आणि जादा शर्ट रोज जवळ असू द्या.

नमुन्याचा दिवस असा. तासाभराचे चार सेक्टर (एक उड्डाण-उतरणी म्हणजे एक सेक्टर). रिपोर्टिंग उड्डाणाच्या सुमारे एक तास आधी, मध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचे तीन थांबे, शेवटी कागदपत्रं. सगळं सुरळीत गेलं तर ड्यूटी पावणेसात-सात तासांची होते, पण लॉगबुकात आणि पगारपत्रकात चारच तास जातात, कारण उड्डाणभत्ता ब्लॉक टाइमवर, म्हणजे चाकाखालचे चोक काढल्यापासून परत लावेपर्यंतच्या वेळेवर मिळतो. कोल्हापुरात ढग खाली आले, बेळगावला किंवा गोव्याला वळावं लागलं आणि तिथं दोन तास बसावं लागलं, तर ते दोन तास ड्यूटीत मोजले जातात, भत्त्यात नाही. जेटवरचा सहकारी सव्वादोन तासांच्या दोन सेक्टरमध्ये साडेचार तास लिहितो. त्याच्या दोन उतरणी होतात, तुमच्या चार. हा फरक आम्ही तुमच्या बाजूचा मानतो. आयएलएस (उतरताना दिशा आणि उंची दाखवणारी रेडिओ यंत्रणा) नसलेल्या धावपट्टीवर व्हीओआर (रेडिओ केंद्राच्या) किंवा आरएनपी (उपग्रहाच्या) आधारानं अप्रोच हातानं उडवून, पावसाळ्यात आडव्या वाऱ्यात चाकं नेमक्या जागी टेकवणं हे सिम्युलेटरमध्ये इतकं येत नाही.

यात एक मेख आहे. भारतात प्रत्येक कॅप्टन फर्स्ट ऑफिसरला उड्डाण-उतरणी देऊ शकत नाही. त्यासाठी कॅप्टनचा ठरावीक अनुभव आणि मंजुरी लागते. नव्या कंपनीत बहुतेक कॅप्टन नुकतेच प्रमोट झालेले असतील तर उजव्या सीटवर बसून महिनोन् महिने फक्त रेडिओ आणि चेकलिस्ट सांभाळावी लागते. ‘किती कॅप्टन सुपरव्हाइज्ड लँडिंग देऊ शकतात?’ हा प्रश्न पगाराच्या आधी विचारावा इतका महत्त्वाचा आहे.

आता तास. एटीपीएलला १५०० तास लागतात आणि एटीपीएलशिवाय एटीआरची डावी, म्हणजे कॅप्टनची सीट नाही. दोनशे तासांवरून सुरुवात केली तर १३०० तास कमवायचे राहतात. महिन्याला ६० तास मिळाले तर वर्षाचे ७२० होतात आणि लाइनवर (नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवर) आल्यापासून दोन वर्षांच्या आत आकडा गाठता येतो. महिन्याला ३० मिळाले तर साडेतीन वर्षांहून जास्त लागतात. हे ३० की ६० ठरवणारा ढोबळ हिशेब सोपा आहे: एका एटीआरला साधारण पाच जोड्या, म्हणजे पाच कॅप्टन आणि पाच फर्स्ट ऑफिसर पुरतात. पाच विमानं कागदावर आहेत, त्यातली दोन सुट्या भागांअभावी उभी आहेत आणि फर्स्ट ऑफिसर तीस आहेत, असं दिसलं तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल ते तुम्हीच मांडा. विचारताना ‘ताफा किती’ असं विचारू नका. ‘आज उडणारी विमानं किती’ असं विचारा.

विश्रांतीचे नियम कागदावर सुधारले आहेत. डीजीसीएनं (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं) जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेले नवे एफडीटीएल, म्हणजे उड्डाण आणि ड्यूटीच्या वेळेच्या मर्यादेचे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली, रात्रीच्या उतरणी सहावरून दोनवर आल्या. वर्षाला १००० तासांची मर्यादा आहेच. पण डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट मिळाली, आणि साप्ताहिक विश्रांतीच्या बदली रजा धरू नये ही सूचना डीजीसीएनं मागं घेतली. म्हणून रोस्टरचे मागचे तीन महिने कुणाकडून तरी बघून घ्या. रजा टाकली की त्या आठवड्याचा ऑफ गायब होतो का, हे त्यात स्पष्ट दिसतं. प्रादेशिक पायलटचा थकवा रात्रीपेक्षा पहाटेचा जास्त असतो. साडेसहाचं पहिलं विमान म्हणजे साडेतीनला उठणं, आणि तेही सलग चार-पाच दिवस. थकवा असेल तर ड्यूटी नाकारण्याचा आणि लेखी कळवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. तो वापरणाऱ्यांना कंपनी कसं वागवते यावरून तिची खरी पारख होते.

करारपत्र. टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याच्या परवानगीचा) खर्च कोण करतं, हे पहिलं कलम. कंपनीनं केला तर बाँड येतो; किती वर्षांचा, किती रकमेचा आणि दर महिन्याला ती रक्कम कमी होत जाते का, हे पाहा. शेवटच्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण रक्कम मागणारा बाँड सही करण्याच्या लायकीचा नाही. बँक गॅरंटी किंवा कोरे चेक देऊ नका. कंपनीनंच उड्डाणं बंद केली, तुमचं लाइन ट्रेनिंग सहा महिने सुरूच झालं नाही, किंवा पगार दोन महिने थकला, तर बाँड रद्द होईल असं वाक्य लिहून घ्या. हे वाक्य मागायला संकोच वाटू देऊ नका. सीपीएललाच घरच्यांचे पन्नास लाखांच्या वर गेलेले असतात.

सर्वांत जास्त चुकतं ते सिम्युलेटर आणि लाइन यांच्या मधल्या काळात. ग्राउंड क्लास झाला, सिम झालं, मग प्रत्यक्ष विमानावर उड्डाण-उतरणीचा सराव हवा, त्याला विमान आणि इन्स्ट्रक्टर दोन्ही मोकळे लागतात. ते मिळेपर्यंत महिने जातात, सरावाची मुदत उलटते आणि पुन्हा सिम करावं लागतं. त्या दुसऱ्या सिमचं बिल कुणाचं आणि तोवर स्टायपेंड मिळणार की नाही, हे आधी ठरवा.

पगारात एकूण आकडा बघू नका. दर महिन्याला किती तासांची हमी आहे ते बघा. हमी ४० तासांची असेल आणि विमान बिघडून तुम्ही २५ तासच उडालात, तर ४० चे पैसे मिळतात. हमीच नसेल तर २५ चे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकूण आकड्यावर निघत नाहीत, म्हणून मूळ पगार नाममात्र ठेवून भत्ते फुगवलेलं पत्रक दिसायला मोठं आणि या दोन्हींत हलकं असू शकतं. वैद्यकीय कारणानं लायसन्स गेलं तर विमा आहे का, हेही त्याच वेळी विचारा.

नोटीस पिरियड डीजीसीएच्या नियमातच आहे: फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कमांडरला (कॅप्टनला) २०१७ पासून एक वर्ष. जुन्या कंपनीच्या एनओसीशिवाय दुसरीकडं जाता येत नाही. मात्र त्याच नियमात एक सुटकेची वाट आहे. नोटीस काळात कंपनीनं पगार कमी केला किंवा अटी तुमच्या तोट्याच्या केल्या, तर मुदतीआधी मोकळं करण्याची मागणी करता येते. त्यासाठी पगारपत्रकं आणि बँकेच्या नोंदी सांभाळून ठेवा.

स्थैर्याबद्दल गोड बोलण्यासारखं फार नाही. एअर पेगासस, एअर कोस्टा, ट्रूजेट बंद पडल्या. ट्रूजेट नांदेड, जळगाव, कोल्हापूरला येत होती, ती २०२२ मध्ये थांबली. लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत तोट्याची भरपाई तीनच वर्षं मिळते, त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली आणि मार्च २०२३ ला ५४ उरले. मुलाखतीला जाण्याआधी कंपनीच्या मार्गांची यादी काढा आणि कुठल्या मार्गाची भरपाई कधी संपते ते लिहा. निम्मे मार्ग पुढच्या वर्षभरात संपणार असतील तर तुमचा बेसही (नेमणुकीचं ठिकाण) हलणार.

पुढची पायरी. अमेरिकेत काही प्रादेशिक कंपन्यांतून मोठ्या कंपनीत ज्येष्ठतेनुसार थेट बढती मिळते. एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए मधून अमेरिकन एअरलाइन्सकडं अशी वाट आहे. आपल्या स्वतंत्र प्रादेशिक कंपन्यांत तसं काही नाही, नव्यानं अर्ज, नव्यानं परीक्षा. एटीआर आणि एअरबस दोन्ही एकाच छताखाली असलेल्या कंपनीत मात्र आतून बदली होऊ शकते. म्हणून अशी जागा मिळत असेल तर पगार थोडा कमी असला तरी आम्ही तीच घ्यायला सांगू. रेटिंगचाही विचार करा. एटीआरचे चालक देशात तीन-चार तरी आहेत, एम्ब्रेअर जवळजवळ एकाच कंपनीकडं. एम्ब्रेअर १७५ जेट असल्यानं पुढं एअरबसला सरावणं सोपं जातं, पण मधेच नोकरी गेली तर त्याच रेटिंगवर दुसरं दार लगेच उघडत नाही. कॅरव्हॅन एक इंजिनाची आहे, डॉर्निअर साडेसहा टनांच्या आतलं. बऱ्याच मोठ्या कंपन्या तास मोजताना विमानाचं वजन आणि दोन पायलटची सक्ती आहे का हे पाहतात, त्यामुळं तिथले हजार तास एटीआरच्या हजार तासांइतके धरले जात नाहीत. गोंदिया, बारामती, धुळ्याच्या उड्डाणशाळांतून निघालेल्या मुलांनी ‘उडायला मिळतंय ना’ म्हणून हे नजरेआड करू नये.

आणि रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यापासून लॉगबुक दर महिन्याला प्रमाणित करून घ्या, ईजीसीएवरच्या (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या) नोंदी त्याच्याशी ताडून पाहा, पी-वन अंडर सुपरव्हिजनच्या, म्हणजे कॅप्टनच्या देखरेखीखाली तुम्ही कमांडरचं काम केलेल्या, प्रत्येक सेक्टरवर कॅप्टनची सही त्याच दिवशी घ्या. कंपनी बंद पडल्यावर ऑपरेशन्सच्या ऑफिसात फोन उचलायलाही कुणी नसतं, आणि सही नसलेले सहाशे तास पुढच्या मुलाखतीत शून्य धरले जातात.