आधी हाडं की आधी झेंडा? हनोई आणि हवानाच्या दोन वाटा

दोन जुने वैरी देश हात मिळवतात, त्याचा फोटो जगभर फिरतो. मग ज्याला त्यावर लिहायचंय, शिकवायचंय किंवा नुसतं मत बनवायचंय, त्याला एकच प्रश्न पडतो: हे टिकणार का? अंदाज बांधायला हाताशी एखादं जुनं उदाहरण लागतं, आणि तेच चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मला अमेरिका–व्हिएतनाम आणि अमेरिका–क्यूबा ही जोडी सर्वांत कामाची वाटते, कारण एक पक्ष दोन्हीकडे तोच आहे. समोरही दोन्हीकडे कम्युनिस्ट राजवटच. इतकंच काय, अमेरिकी राजकारणी जॉन केरी हे गृहस्थही दोन्ही गोष्टींत भेटतात.

खरं तर क्यूबाचं प्रकरण सोपं जायला हवं होतं. व्हिएतनामच्या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकन सैनिक मेले, व्हिएतनामी तर लाखांनी. क्यूबाशी असं युद्ध कधी झालंच नाही. तरीही हनोईशी, म्हणजे व्हिएतनामशी, १९९५मध्ये झालेला समेट आजवर टिकला आणि हवानाशी, म्हणजे क्यूबाशी, २०१४मध्ये झालेला पुरती तीन वर्षंही धड चालला नाही.

हनोईची वाट आधी बघू. पहिला प्रयत्न १९७७–७८मध्येच झाला आणि फसला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७३च्या पत्रात सुमारे ३.२५ अब्ज डॉलरच्या मदतीची भाषा केली होती. व्हिएतनामने ती रक्कम धरून ठेवली, अमेरिकेने हात झटकले. पुढे व्हिएतनामचं सैन्य कंबोडियात शिरलं आणि बोलणी बरीच वर्षं थंडावली. पुन्हा सुरुवात झाली ती पैशांपासून नाही, करारापासूनही नाही, तर बेपत्ता सैनिकांपासून. १९८७मध्ये निवृत्त जनरल जॉन व्हेसी याच कामासाठी हनोईला गेले. पुढे दोन्ही देशांची पथकं एकत्र खोदकाम करू लागली. विमान कोसळल्याच्या जागी चौकोन आखायचे, माती बादल्यांनी हातोहात वर द्यायची आणि चाळणीतून चाळायची. हाती लागायचा एखादा दात, बुटाचा तुकडा, बटण. दाताची जुन्या वैद्यकीय नोंदीशी पडताळणी व्हायची आणि कुठल्यातरी घरी अनेक वर्षांनी निरोप जायचा.

या कामाने राजकारणाला वेळ मिळवून दिला. १९९१मध्ये थोरल्या बुश यांच्या प्रशासनाने टप्प्याटप्प्याचा आराखडा हनोईच्या हाती ठेवला: कंबोडियात शांतता करा, बेपत्तांचा शोध पुढे न्या, आम्ही एकेक निर्बंध सोडतो. त्याच वर्षी पॅरिसमध्ये कंबोडिया करार झाला. फेब्रुवारी १९९४मध्ये व्यापारबंदी उठली, जानेवारी १९९५मध्ये संपर्क कार्यालयं उघडली, आणि ११ जुलैला राजनैतिक संबंधांची घोषणा झाली. दूतावास अगदी शेवटी, व्यापारबंदी उठणं आधी. हा क्रम लक्षात ठेवा.

हवानात क्रम उलटा होता. कॅनडात अठरा महिने गुप्त बोलणी झाली, पोप फ्रान्सिस यांनी मध्यस्थी केली, आणि १७ डिसेंबर २०१४ला ओबामा व क्यूबाचे अध्यक्ष राऊल कास्त्रो यांनी एकाच वेळी घोषणा केली. जुलै २०१५मध्ये दूतावास उघडले. ऑगस्टमध्ये केरी परराष्ट्रमंत्री म्हणून हवानात झेंडा फडकवायला गेले. १९६१मध्ये संबंध तुटले तेव्हा तिथला झेंडा उतरवणारे तिघे अमेरिकी मरीन सैनिक, आता म्हातारे झालेले, त्या समारंभाला हजर होते. प्रसंग गलबलून टाकणारा होता यात शंका नाही. पण व्यापारबंदी जागच्या जागी होती.

कारण तिला कुलूप होतं. फेब्रुवारी १९९६मध्ये क्यूबाने अमेरिकेतल्या क्यूबन निर्वासितांच्या संघटनेची दोन छोटी विमानं पाडली आणि लगोलग हेल्म्स–बर्टन कायदा आला. तोवर बंदी मुख्यतः राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांवर चालत होती. आता ती कायद्यात बांधली गेली आणि काढायची तर काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, संमती लागणार. ओबामांनी दिलं ते सगळं त्यांच्या अखत्यारीतलं होतं: प्रवासाचे नियम, विमानसेवा, दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशांच्या यादीतून नाव वगळणं. एका सहीने आलेलं दुसऱ्या सहीने जातं. जून २०१७मध्ये ट्रम्प यांनी मायामीत जाऊन माघारीची घोषणा केली. त्याच वर्षी दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना झालेल्या गूढ त्रासाचं कारण देऊन बहुतेकांना परत बोलावलं गेलं. कायमचं स्थलांतर करू पाहणाऱ्या क्यूबन माणसाला मग अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीसाठी कित्येक वर्षं गयानातल्या जॉर्जटाऊनला जावं लागलं. दूतावास घरापाशी, मुलाखत परदेशात! यादीचा तर खेळच झाला: २०१५मध्ये नाव काढलं, जानेवारी २०२१मध्ये परत घातलं, जानेवारी २०२५मध्ये बायडन यांनी काढायची घोषणा केली आणि सहा दिवसांत ट्रम्प यांनी ती फिरवली.

माझ्या मते खरा फरक घरच्या आघाडीवर पडला. १९९५चे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन स्वतः युद्धावर गेले नव्हते आणि त्यावरून टोमणे खात होते. त्यांच्यापुढे ढाल होऊन उभे राहिले ते युद्धातच पोळलेले लोक. केरी नदीतल्या गस्ती नौकांवर लढलेले, जॉन मॅकेन साडेपाच वर्षं व्हिएतनामच्या कैदेत काढलेले. पक्ष वेगळे, पण या दोघा सिनेटरांनी जोर लावला आणि सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, ६२ विरुद्ध ३८ मतांनी बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. पहिले राजदूत म्हणून १९९७मध्ये हनोईला गेले पीट पीटरसन, त्याच देशात सहा वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी राहिलेले. त्यांना कोण म्हणणार की तुम्हाला शत्रू कळला नाही? क्यूबाच्या बाबतीत सर्वांत पोळलेले लोक म्हणजे फ्लोरिडातले निर्वासित, आणि त्यांच्यातला संघटित आवाज समेटाच्या विरोधात होता. फ्लोरिडाची मतं निवडणूक फिरवत. ओबामांनी राजदूत म्हणून सुचवलेल्या जेफ्री डीलॉरेंटिस यांना सिनेटची मंजुरी मिळालीच नाही.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये: नुसत्या पद्धतीने हनोई जिंकलं नाही. सोव्हिएत संघ कोसळला होता, चीन डोईजड होत होता, आणि अमेरिकेला व्हिएतनाम हवा होता. क्यूबाची तशी निकड वॉशिंग्टनला नव्हती. शिवाय व्हिएतनाम १९८६च्या ‘दोई मोई’ सुधारणांपासून बाजार उघडत गेला होता, तर हवाना हात राखूनच चालला. पुढे हनोईशी व्यापार एवढा वाढला की मोडायला कुणालाच परवडेना. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेकडून व्हिएतनामी मालावर ४६ टक्के आयातशुल्काची घोषणा झाली, जुलैपर्यंत वाटाघाटी २० टक्क्यांवर आल्या. भांडण झालं ते टक्क्यांवर. संबंध तोडण्याचा विषय निघाला नाही.

तेव्हा एखाद्या ताज्या समेटाला मोजायचं असेल तर कुठलं उदाहरण घ्यावं? दोघांना समान धोका दिसत असेल, आधी बारीकसारीक कामं झाली असतील आणि घरातले जखमी लोक पाठीशी असतील, तर हनोई. सगळं गुप्त बोलण्यातून अचानक पुढे आलं असेल आणि निर्बंध कायद्यातच असतील, तर हवाना, मग फोटो कितीही भारी असो. प्रबंधासाठी निवडायचं असेल तर मी हवाना सुचवेन. हनोईवर कागदपत्रं भरपूर, पण शेवट गोड असल्याने सगळं अटळच होतं असं वाटू लागतं. हवाना निवडलंत तर मात्र १९९६चा कायदा आधी वाचा, २०१४ची भाषणं नंतर.