समानार्थी इंग्रजी शब्दांसाठी आंकी: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते. इंग्रजीतले अवघड शब्द डोक्यात टिकवायला आंकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांची उजळणी करून घेणारं अ‍ॅप झकास आहे, पण समानार्थी शब्दांचे तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, उतरवून घेणार असाल तर वेळ वाया जाईल.

कंप्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर एकदा पैसे भरायचे. उत्तर पाहिलं की अगेन, हार्ड, गुड, ईझी यांतलं एक बटण दाबायचं. दर वेळी सहज आठवणारं कार्ड पुढेपुढे महिन्यांनी परत येतं, निसटलेलं लगेच. सेटिंगमध्ये जाऊन एफएसआरएस ही 2023 मध्ये आंकीत आलेली पद्धत जरूर चालू करा. किती टक्के लक्षात राहायला हवं ते आपण सांगायचं, उजळणीच्या तारखा ती काढते. 90 टक्के पुरे. हाव धरून 97 केलंत तर उजळणीचा ढीग उपसता उपसत नाही.

खरी मेख समानार्थी शब्दांत आहे. मी घेतलेल्या तयार डेकमध्ये फ्रूगलच्या मागे थ्रिफ्टी, पार्सिमोनियस, स्टिंजी अशी सगळी मंडळी एकाच रांगेत होती. फ्रूगल (काटकसरी) म्हटलं तर माणूस सुखावेल, स्टिंजी (कंजूष) म्हटलं तर बोलणं टाकेल. पार्सिमोनियस एरवी टोचतो, पण संख्याशास्त्रात पार्सिमोनियस मॉडेल, म्हणजे कमीत कमी घटकांत काम भागवणारं, हे कौतुकच. कार्डावर यातलं अक्षर नाही. रोजेचा थिसॉरस हा समानार्थी शब्दांचा कोश 1852 साली निघाला तोही मुळात कल्पनांनुसार लावलेला, म्हणजे ज्याला शब्द येतात पण ऐन वेळी सुचत नाहीत त्याच्यासाठी. त्यातून नवे शब्द शिकायला जाणं उलटंच.

तो डेक काढून टाकला आणि स्वतः कार्डं बनवायला घेतली. वाचनात आलेलं वाक्य, त्यात गाळलेली जागा, पहिलं अक्षर खूण म्हणून. उत्तराखाली एकच ओळ: शेजारचा शब्द इथे का चालत नाही. ही ओळ लिहिताना लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी, हाताशी हवी, कारण शब्द फॉर्मल आहे की नापसंती दाखवणारा, हे तिथे लिहिलेलं असतं. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट या तिघांत पहिला जुन्या इंग्रजीतला, दुसरा फ्रेंचमार्गे आलेला, तिसरा थेट लॅटिनमधून घेतलेला. वजन त्याच क्रमाने चढत जातं. असं लक्षात आलं की कार्ड पाठ करावं लागत नाही.

जीआरई, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, देणाऱ्यांना याचा थेट फायदा. तिच्यातल्या सेंटेन्स इक्विव्हलन्स प्रश्नांत गाळलेल्या जागेसाठी सहा पर्यायांतून वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन निवडायचे असतात, आणि वाक्यात न बसणारी समानार्थी जोडी मुद्दाम पेरलेली असू शकते. यादी घोकणारे नेमके तिथेच अडकतात.

तोटा? कार्ड बनवण्यात वेळ जातो, थोडाथोडका नाही. आंकी मुळात रोज 20 नवी कार्डं देतं. या पद्धतीत तेवढी झेपत नाहीत, मी ती पाचावर आणली. आणि वाचताना शब्द ओळखीचा वाटणं वेगळं, लिहिताना सुचणं वेगळं. दुसऱ्यात माझी प्रगती अजून बेताचीच आहे.

पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या कार्डावर आंकी लीच (जळू) असा शिक्का मारतं. माझ्याकडे ती बहुतेक एकमेकांत गुंतणारी जोडपीच निघाली. त्यातलं एक सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं बंद, करायचं, दुसरं पक्कं झालं की पहिलं परत आणायचं.