रिट याचिका कुठे करायची: कलम ३२ की कलम २२६?

सरकारी यंत्रणेने हक्क डावलला की अनेकांच्या तोंडी एकच वाक्य येतं, ‘थेट सुप्रीम कोर्टात जातो.’ या विश्वासाला मोठा आधार आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आजच्या कलम ३२ ला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयात दाद मागणं हाच या कलमाने मूलभूत हक्क केला आहे. कलम २२६ मात्र रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेला बंधनकारक आदेश, काढण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला देतं. तरीही तुम्ही या दोन्हींत निवड करत असाल, तर बहुतेक प्रकरणांत माझा कौल २२६ ला आहे.

पहिलं कारण व्याप्तीचं. कलम ३२ खाली मूलभूत हक्काचा भंग दाखवावाच लागतो. २२६ खाली तो भंग चालतो आणि कायद्याने दिलेला साधा हक्क डावलला असेल तरीही चालतं. जमिनीचंच घ्या. मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत होता. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला आणि कलम ३००-अ मध्ये ठेवला. त्यामुळे रस्त्यात जमीन गेली, मोबदला मिळाला नाही आणि तक्रार ३००-अ वरच उभी असेल, तर कलम ३२ उपयोगाचं नाही. उच्च न्यायालयात मात्र ती मांडता येते.

दुसरं कारण अंतराचं. त्यामागे एक विसरलेली घटनादुरुस्ती आहे. १९५३ मध्ये साका वेंकटराव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, ज्या कार्यालयाविरुद्ध दाद मागायची ते त्या उच्च न्यायालयाच्या हद्दीतच असलं पाहिजे. दिल्लीत तेव्हा स्वतःचं उच्च न्यायालय नव्हतं. म्हणजे केंद्र सरकारविरुद्ध रिट हवी तर मद्रासच्या माणसानेही पंजाब उच्च न्यायालयात जायचं! १९६३ च्या १५व्या दुरुस्तीने हे बदललं. वादाचं कारण अंशतः जरी तुमच्या राज्यात घडलं असेल, तरी तुमचं उच्च न्यायालय दिल्लीतल्या मंत्रालयालाही आदेश देऊ शकतं. मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज मुंबईबरोबर नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातही चालतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये सहा जिल्ह्यांची प्रकरणं ऐकली जातात. सावंतवाडीच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

२२६ ची दुबळी बाजूही आहे. हा अधिकार न्यायालयाच्या विवेकावर चालतो आणि कायद्यात दुसरा उपाय असेल तर ‘आधी तिथे जा’ असं ऐकावं लागतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने सेवेच्या वादासाठी आधी मॅटमध्येच, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातच, जायचं असतं. मॅटचा निर्णय पटला नाही तर १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालामुळे उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाचा मार्ग खुला आहे.

कागदावर पाहिलं तर ३२ इथे वरचढ आहे, कारण हक्कच असल्यावर नकार कसा देणार? प्रत्यक्षात ‘आधी उच्च न्यायालयात जा’ हे उत्तर तिथे वारंवार मिळतं. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी सुनावणीतच सांगितलं की, ३२ खालच्या याचिका कमी व्हाव्यात असा न्यायालयाचा प्रयत्न आहे. मला हे मनापासून खटकतं. बाबासाहेबांनी ज्याला हृदय म्हटलं ते कलम वापरू नका, असं नागरिकाला ऐकावं लागू नये. पण आज निर्णय घ्यायचा तर ही वस्तुस्थिती धरूनच घ्यावा लागेल.

उच्च न्यायालय म्हणजे दुय्यम, हा समजही काढून टाका. आणीबाणीत नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या हेबिअस कॉर्पस याचिका, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणून अटक तपासण्याची मागणी, ऐकता येतात असं म्हटलं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि २०१७ मध्ये स्वतःच तो निकाल चुकीचा ठरवला.

३२ कधी निवडावं? प्रश्न खरोखर देशभराचा असेल तेव्हा. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं ३२ खालच्या याचिकेतूनच आली. एकाच वक्तव्यावरून चार राज्यांत गुन्हे दाखल झाले आणि ते एकत्र करून हवे असतील, तेव्हाही एकेका उच्च न्यायालयात फिरण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जपायची गोष्ट अशी: दोन्ही दारं एकापाठोपाठ ठोठावता येत नाहीत. दरयाव प्रकरणात १९६१ मध्ये ठरलं की, उच्च न्यायालयाने गुणवत्तेवर, म्हणजे मूळ मुद्दे तपासून, याचिका फेटाळली की त्याच मुद्द्यावर पुन्हा ३२ खाली जाता येत नाही. मग कलम १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची विशेष अनुमती मागावी लागते. उलट ३२ खाली हरलात, तर पुनर्विलोकन आणि तेही फेटाळल्यावरची शेवटची क्युरेटिव्ह याचिका एवढंच उरतं, आणि त्यांत यश फार क्वचित येतं. २२६ ने सुरुवात केली तर वर जायला निदान एक पायरी शिल्लक असते.

वकिलाच्या खर्चामुळे अडला असाल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मात्र आदेश हातात पडल्यावर वेळ घालवू नका. कारण न देता उशीर झाला तर दोन्ही न्यायालयं तेवढ्यावरूनच याचिका नाकारू शकतात.