बॅटरी वाचवणारं ॲप आणि मामांच्या खात्यातून आठवड्याला जाणारे २९९ रुपये

फोनवर 'तुमची बॅटरी खराब झाली आहे, आत्ताच दुरुस्त करा' अशी पाटी आली तर तिला बोट लावू नका. पाटी लगेच बंद करा. कुठलंही ॲप बॅटरी दुरुस्त करू शकत नाही. माझ्या मामांना याच पाटीने फसवलं. कसं फसवलं ते सगळं सविस्तर लिहिते, कारण आता आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत विचारलं, तर निम्म्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये असलं एखादं ॲप बसलेलं आहेच.

मामा तासगाव तालुक्यातल्या एका वाडीत राहतात. द्राक्षबाग आहे. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलाय, म्हणजे मोटार फोनवरूनच चालू-बंद करता येते. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते, त्यामुळे फोन उशाशी ठेवूनच झोपायचं. बेदाण्याचे दर, औषधांच्या फवारणीचे सल्ले, डेअरीचं बिल, मुंबईतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल, सगळं त्या एकाच फोनवर. फोन तीन-चार वर्षांचा जुना. सकाळी पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी चारच्या सुमारास लाल व्हायला लागला. एवढ्या जुन्या फोनचं हे होतंच, पण शेतात चार्जर कुठून आणायचा? मामा वैतागले होते. अशा वैतागलेल्या माणसापुढे ही पाटी येते.

बातम्यांच्या कुठल्याशा साइटवर ते काहीतरी वाचत होते. अचानक पडदा लाल झाला, फोन थरथरला आणि मराठीत पाटी आली. त्यावर मामांच्या फोनचं मॉडेल अगदी बरोबर लिहिलेलं होतं. मामांचा विश्वास इथेच बसला. "माझ्याच फोनचं नाव हुतं गं, मग कंपनीकडनंच आलं आसंल की," असं ते मला नंतर म्हणाले. खरं तर फोनचं मॉडेल ब्राउझरकडून कोणत्याही वेबसाइटला कळू शकतं. ते माहीत असण्यासाठी समोरचा कंपनीचा माणूस असावा लागत नाही, आणि फोन थरथरवायलाही काही लागत नाही, वेबपेज ते करू शकतं. पण हे मामांना कोण सांगणार?

पाटीवर बोट ठेवलं की थेट प्ले स्टोअर उघडलं. अधिकृत दुकानातलं ॲप, म्हणजे चांगलंच असणार. ॲप उघडल्यावर हिरवा गोल फिरायला लागला: 'तपासणी चालू', मग '१४ ॲप्स बॅटरी खात आहेत', मग 'दुरुस्ती ६७%'. मी नंतर तेच ॲप माझ्या एका रिकाम्या जुन्या फोनवर टाकून पाहिलं. त्या फोनवर काहीच नव्हतं, तरी गोल फिरला आणि १४ ॲप्सच सापडली. म्हणजे तपासणी वगैरे काही होत नाही, ते नुसतं चित्र आहे.

मग एकेक परवानगी. पहिली 'इतर ॲप्सवर दिसण्याची'. दुसरी नोटिफिकेशनची. तिसरी ॲक्सेसिबिलिटीची. ही सुविधा अंध किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसांसाठी केलेली आहे. ती दिली की ते ॲप पडद्यावरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. 'इतर ॲप्स बंद करण्यासाठी गरजेची' असं सांगून ती मागितली जाते. आणि चौथी परवानगी मी दोनदा वाचली: या ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा. बॅटरी वाचवतो म्हणणारं ॲप फोनला सांगत होतं की माझ्यावर बॅटरीची कसलीच मर्यादा घालू नका. मामांनी सगळीकडे 'परवानगी द्या' दाबलं. प्रत्येक पानावर तेच बटण मोठं आणि हिरवं होतं, नाही म्हणायची सोय कोपऱ्यात, करड्या बारीक अक्षरांत.

शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत '३ दिवस मोफत'. त्याच्याखाली, पुन्हा करड्याच रंगात, नंतर दर आठवड्याला २९९ रुपये. यूपीआयचा पिन मागितला. शेजारचा कॉलेजचा पोरगा ओट्यावर बसला होता, त्याला विचारलं तर तो म्हणाला, "आबा, फ्री आहे की, टाका." पिन टाकला. यूपीआय ऑटोपेचा मँडेट, म्हणजे ठरलेली रक्कम आपोआप कापायची परवानगी, तयार झाला. एकदा तो झाला की रक्कम १५,००० रुपयांच्या आत असेल तर पुढच्या प्रत्येक वेळी पिन विचारला जात नाही. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना पाठवायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि मामांना ती येतही होती. इंग्रजीत. खतांच्या जाहिराती, लोनच्या ऑफर आणि रिचार्जच्या मेसेजांच्या गर्दीत.

पुढच्या काही दिवसांत फोन जास्तच तापायला लागला. कुलूप उघडलं की आधी पूर्ण पडदाभर जाहिरात, फुली कुठे आहे ते चष्मा लावूनही दिसेना. दुपारी चारला लाल होणारा फोन आता जेवणाच्या आधीच मान टाकायला लागला. मामांना वाटलं बॅटरीच फार बिघडलीय, बिचारं ॲप तरी किती दुरुस्त करणार. मग एका रात्री मोटार ट्रिप झाली आणि स्टार्टरच्या ॲपचं नोटिफिकेशन आलंच नाही. ते ॲपसुद्धा या 'दुरुस्ती'वाल्याने मागच्या मागे बंद करून टाकलं होतं. बागेला पाणी ऐन गरजेचं होतं आणि रात्रभराची लाइट फुकट गेली. मामांना पैशापेक्षा त्या रात्रीचं दुःख जास्त आहे, आणि मलाही.

मी यात्रेला गेले तेव्हा फोन हातात घेतला आणि सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर उघडला. यादीत सगळ्यात वर तेच ॲप, जवळपास एक तृतीयांश बॅटरी त्याच एकट्याची. मोबाईल डेटाच्या यादीत पाहिलं तर बॅकग्राउंडमध्येही भरपूर डेटा त्यानेच ओढला होता. जाहिरातींचे व्हिडिओ फोन खिशात असतानाही उतरवून ठेवले जात होते. मामी शेजारी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे चोरच राखणीला ठिवला म्हण की."

मुळात असल्या ॲपची गरज का नाही, ते नीट समजून घ्या. ॲण्ड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे ६.० आवृत्तीपासून 'डोझ' नावाची सोय आहे: फोन स्थिर पडून असेल, पडदा बंद असेल तर बाकीच्या ॲप्सची मागची कामं आणि नेटवर्क फोन स्वतःच थोपवून धरतो. २०१८ च्या ९ व्या आवृत्तीत 'ॲडाप्टिव्ह बॅटरी' आली. तुम्ही जे ॲप क्वचित उघडता त्याला फोन आपणहून कमी मोकळीक देतो. ही दोन्ही फुकट आहेत आणि सहसा आधीपासून चालूच असतात. सारखी ॲप्स मारून टाकल्याने बॅटरी वाचते ही समजूतही चुकीची आहे. बंद केलेलं ॲप पुन्हा उघडायचं तर ते सुरुवातीपासून चढवावं लागतं, त्यालाच जास्त ताकद लागते. २०१६ मध्ये ॲपलचे क्रेग फेडेरिघी आणि ॲण्ड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही हेच सांगितलं होतं. फोन बनवणाऱ्या दोन मोठ्या घराण्यांची माणसं एका सुरात सांगतायत म्हटल्यावर तिसऱ्या कुणाचं ऐकायची गरज उरत नाही.

आणि बॅटरी जुनी होते ती आतल्या रसायनाने. लिथियम-आयन बॅटरी जितक्या वेळा भरते-रिकामी होते तितकं तिच्यातलं थोडं थोडं लिथियम कामातून जातं, उष्णतेत तर आणखी लवकर. कुठल्याही सॉफ्टवेअरला ते परत आणता येत नाही. 'दुरुस्ती', 'कॅलिब्रेशन', 'बूस्ट' ही सगळी बटणं बॅटरीच्या आत काहीही करत नाहीत.

हा धंदा जुना आहे. २०१८ मध्ये रिस्कआयक्यू या सुरक्षा कंपनीने असंच एक बॅटरी सेव्हर उघडकीला आणलं होतं. ते सुमारे ६०,००० फोनमध्ये शिरलं होतं, मागच्या मागे जाहिरातींवर क्लिक करत होतं आणि फोनमधली माहिती उचलत होतं. तेही अशाच घाबरवणाऱ्या पाटीतून प्ले स्टोअरवर नेऊन गळ्यात मारलं जायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने त्रासदायक जाहिराती दाखवणारी जवळपास ६०० ॲप्स दुकानातून काढली. २९ जून २०२० ला भारत सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्या यादीत टिकटॉकचं नाव सगळ्यांना आठवतं, पण तिच्यात डीयू बॅटरी सेव्हर आणि क्लीन मास्टरही होती. त्या बंदीचं कारण देशाची सुरक्षा आणि माहितीची गोपनीयता हे होतं. तरी बॅटरीच्या नावाखाली ॲप किती आत शिरू शकतं, याचा अंदाज त्यावरून यावा.

ॲप काढताना क्रम महत्त्वाचा. आधी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी बंद केली, मग इतर ॲप्सवर दिसण्याची, मगच अनइन्स्टॉल. काढू देत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' ॲप्सची यादी बघा, तिथूनही त्याची खूण काढा. तरीही जाहिराती मध्ये येत असतील तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. तिथे बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, मग शांतपणे काढता येतात.

पण इथे थांबू नका, ही सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट आहे. ॲप काढलं म्हणून पैसे कापले जायचे थांबत नाहीत. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबून पेमेंट आणि सदस्यत्वांमध्ये जा, तिथे सदस्यत्व रद्द करा. मग ज्या यूपीआय ॲपने पिन टाकला होता त्यात ऑटोपे उघडून मँडेटही रद्द झाला आहे ना, ते डोळ्यांनी बघा. मामांच्या ऑटोपेच्या यादीत याशिवाय आणखी एक सापडलं, राशिभविष्याचं, ९९ रुपयांचं. ते कधी चालू झालं हे त्यांना आठवतही नव्हतं.

शेवटचा हप्ता कापून ४८ तास झाले नव्हते, त्यामुळे गूगलकडे रिफंडचा अर्ज केला आणि तेवढा परत आला. आधीच्या हप्त्यांसाठी ॲप बनवणाऱ्याला मेल करा असं उत्तर मिळालं. तो मेल पोहोचलाच नाही, पत्ताच बंद. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. तुमच्या खात्यातून पैसे अजून जात असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि बँकेतही लेखी कळवा. त्या फोनवर ॲक्सेसिबिलिटी दिलेली असेल तर यूपीआयचा पिन आणि नेट बँकिंगचा पासवर्ड बदला, तोही दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. आम्ही मामांचं सिम माझ्या फोनमध्ये घालून बदलला.

मग मूळ दुखणं राहिलंच होतं, दुपारी चारला लाल होणारा फोन. ते शोधायला अर्धा तास पुरला. छोट्या व्हिडिओंचं एक ॲप न उघडताही डेटा ओढत होतं. त्याचा बॅकग्राउंड डेटा बंद केला आणि बॅटरीत त्याला 'प्रतिबंधित' केलं. बातम्यांच्या आणि खरेदीच्या ॲप्सचंही तेच. व्हॉट्सॲपवर ग्रुपमधले सुप्रभातचे व्हिडिओ आपोआप उतरत होते, ते थांबवलं. हवामानाच्या ॲपला लोकेशन 'फक्त वापरात असताना' एवढंच ठेवलं. स्टार्टरचं ॲप मात्र उलट, त्याला 'अनिर्बंध' केलं, म्हणजे ते कधी झोपणार नाही. सरसकट सगळी ॲप्स आवळायची नसतात. ज्याचं नोटिफिकेशन चुकलं तर नुकसान आहे, त्याला मोकळं सोडायचं.

खरा मोठा फरक कशाने पडला असेल तर रेंजने. मामांच्या मळ्यात ५जी येतच नाही, फोन दिवसभर ते हुडकत राहायचा. रेंज कमी असली की फोनला टॉवरपर्यंत पोहोचायला जास्त ताकद लागते आणि नेटवर्क बदलत राहिला की आणखीच. सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन ४जी वर ठेवला. डार्क मोडचं मी काही केलं नाही, कारण त्यांच्या फोनचा पडदा एलसीडी आहे. त्यात काळ्या रंगाने बॅटरी फारशी वाचत नाही, ओलेडमध्ये वाचते. आता फोन संध्याकाळपर्यंत जातो. त्याहून जास्त हवं असेल तर बॅटरीच बदलायला लागेल, आणि ती अधिकृत सर्व्हिस सेंटरला पावती घेऊनच बदलायची, हे मामांना सांगून ठेवलंय. सुगी झाली की सांगलीला जाऊ म्हणतायत.

ते ॲप प्ले स्टोअरवर अजून आहे, चिन्ह तेवढं बदललंय. मी तक्रार केली आहे. असलं काही तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या फोनवर सापडलं, तर काढण्याआधी त्याचं स्टोअरचं पान उघडा, वरच्या तीन ठिपक्यांमधून तक्रार नोंदवा आणि खाली मराठीत रिव्ह्यू लिहा: पैसे किती गेले, कसे गेले. मामांनी ते डाउनलोड केलं तेव्हा तिथे मराठीतला एकही रिव्ह्यू नव्हता.