व्हॅम्पायरच्या प्रेमकथा: पावसाळ्यासाठी चारांतली कुठली मालिका घ्यावी

एकच मालिका घ्यायची असेल तर शार्लेन हॅरिस यांची सूकी स्टॅकहाउस घ्या, आणि तीही आधी चौथ्या भागापर्यंतच. जून ते सप्टेंबर गोव्यात संध्याकाळचं बाहेर पडणं तसंही कमीच होतं, त्यामुळे लांबलचक मालिका हाताशी असणं बरं. पण या प्रकारातल्या पुस्तकांची मुखपृष्ठं सगळी सारखीच, काळी नि लाल. आतला माल मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नाही.

नायक देखणा, पैसेवाला, शे-दीडशे वर्षांचा आणि मनातून दुःखी असणार हे ठरलेलंच असतं. तिथे पुस्तकाची पारख होत नाही. पारख होते ती नियमांवर. नायकाला काय चालतं, काय चालत नाही, आणि ते बंधन प्रेमाच्या आड ऐन वेळी येतं की लेखिका तेव्हाच त्याला सूट देऊन मोकळी होते, एवढं बघायचं. गोव्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गावच्या देवचाराला, म्हणजे राखणदाराला, ठरल्याप्रमाणे रोट, विडी, सोरो (दारू) पोचला की तो राखण करतो. मान चुकला की मग त्याची मर्जी. वेताळ पंचविशीतही राजाने तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर, त्यात सवलत नाही. (रिचर्ड बर्टन गोवा पाहून गेला, 1851 मध्ये त्याचं त्यावरचं पुस्तक आलं, आणि 1870 मध्ये त्याने याच वेताळकथा ‘व्हॅम्पायर’ असं नाव लावून इंग्रजीत नेल्या. गोव्यातल्या आमोणे गावच्या देव वेताळाला व्हॅम्पायरांच्या पंगतीत बसवणं जरा ओढूनताणूनच आहे. पंचविशीतल्या वेताळाला रक्तापेक्षा वादात गोडी.)

आणखी एक गोष्ट आधीच निकालात काढू. ‘उन्हात जळत नाही तो कसला व्हॅम्पायर’ अशी तक्रार फार ऐकू येते. 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. त्याची शक्ती तेवढी उणावते. त्याला खरी गरज आहे ती मायदेशाच्या मातीची, म्हणून तो 50 पेट्या माती जहाजाने नेतो. उन्हाने मरण ही भर 1922 च्या एका जर्मन मूकपटाने घातली. तेव्हा लेखिकेने नियम कुठला घेतला यावर भांडण नको. घेतलेला नियम तिने पाळला का, हे विचारावं.

हॅरिस इथेच बाजी मारतात. मालिकेचे भाग 13, पहिला ‘डेड अंटिल डार्क’ 2001 चा, शेवटचा 2013 चा. लुईझियानातलं एक आडगाव. जपानी कंपनीने कृत्रिम रक्त बाजारात आणलंय, त्यामुळे व्हॅम्पायर उघडपणे माणसांत वावरू लागलेत. सूकी तिथल्या बारमध्ये वेट्रेस आहे आणि तिला समोरच्याच्या मनातलं ऐकू येतं, तिची इच्छा असो वा नसो. आता अशी मुलगी कुणाबरोबर जेवायला जाईल तर काय होईल? तो तोंडाने गोड बोलतोय आणि मनात काय चाललंय ते हिला शब्दन् शब्द ऐकू येतंय. मग एका रात्री बारमध्ये बिल नावाचा व्हॅम्पायर येऊन बसतो आणि त्याच्याकडून काहीच ऐकू येत नाही. पूर्ण शांतता. ती त्याच्याकडे ओढली जाते याचं कारण त्याचा चेहरा नाही, ही शांतता आहे. या प्रकारात नायिकेच्या ओढीला इतकं चोख कारण क्वचित सापडतं.

लगेच पुढचा प्रसंग पाहा. एक नवरा-बायको बिलला चांदीच्या साखळीने जखडून त्याचं रक्त काढत असतात, कारण व्हॅम्पायरचं रक्त नशेसाठी चढ्या भावाने विकलं जातं. सूकी त्यांच्यावर चालून जाते आणि त्याला सोडवते. पहिल्याच भेटीत शिकार कोण आणि वाचवणारं कोण याची उलटापालट झाली, आणि चांदीचा नियमही भाषण न ठोकता कळला. दुसरा नियम आमंत्रणाचा. घरच्या माणसाने बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही, आणि दिलेलं आमंत्रण मागेही घेता येतं. तिसऱ्या भागात सूकी हे हत्यार वापरते. ती नुसतं बोलते आणि ज्यांच्यापुढे तिची ताकद कस्पटाएवढी, त्यांना निमूट बाहेर पडावं लागतं.

चौथा भाग, ‘डेड टू द वर्ल्ड’ (2004), मालिकेतला सगळ्यांत गोड. चेटकामुळे स्मृती गेलेला मग्रूर व्हॅम्पायर एरिक सूकीच्या घरी लपतो. मग्रूर माणूस मग्रुरीच विसरला तर खाली काय उरतं, हा त्यातला खेळ. इथवर वाचून थांबलात तरी पैसे वसूल. पुढे पात्रांची जत्रा भरते: लांडगे-माणसं, परीलोक, व्हॅम्पायरांच्या राजवटी. नवव्या भागात परीलोकाचं युद्धच पेटतं आणि बारमधली सूकी त्या गर्दीत हरवते. एक इशारा: ही मालिका मुळात रहस्यकथेच्या अंगाने जाते, भागागणिक खून आणि त्याचा तपास. नायक-नायिकेचं सुखान्त मीलन झालंच पाहिजे असा रोमान्सचा करार इथे लागू नाही. शेवटच्या भागातली सूकीची निवड वाचून जुने चाहते भडकले होते, ते यामुळेच.

घेताना घोटाळा होतो तो नावांत. तेराही नावांत ‘डेड’ आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या ढिगातून क्रम लावणं म्हणजे वैताग. मुखपृष्ठ सोडा, आतलं कॉपीराइटचं पान उघडा आणि वर्ष बघा. मात्र त्याच पानावर पुनर्मुद्रणाचं वर्षही असतं; धरायचं ते सगळ्यांत जुनं. भाषा सोपी, निवेदन सूकीच्याच तोंडी, वाक्यं आखूड. मराठी माध्यमातून शिकलेल्यालाही शब्दकोश लागायचा नाही.

निव्वळ प्रेमकथा हवी असेल, दर भागात एक जोडपं आणि शेवट गोड, तर जे. आर. वॉर्ड यांची ब्लॅक डॅगर ब्रदरहुड. सुरुवात ‘डार्क लव्हर’, 2005. इथले व्हॅम्पायर मेलेले नाहीतच. ती जन्माने वेगळी जात आहे. पंचविशीच्या सुमारास प्रत्येकाचं शरीर पालटतं आणि त्या वेळी दुसऱ्या व्हॅम्पायरचं रक्त मिळालं नाही तर मरण. पुढेही रक्त लागतं ते आपल्याच जातीतल्या भिन्नलिंगी व्यक्तीचं. माणसाच्या रक्तावर फार काळ निभत नाही. म्हणजे पोट भरणं आणि जवळीक यांची गाठ नियमानेच बांधली. पहिल्या भागात हे नेमकं वापरलंय: नायिका बेथला आपण कोण हे ठाऊक नाही, पालटाची घटका जवळ आली, आणि तिला वाचवू शकणारा एकच, जवळजवळ आंधळा राजा रॅथ.

शत्रुपक्षाच्या अंगाला बेबी पावडरचा वास येतो. हसू येतं, पण अंधाऱ्या गल्लीतल्या प्रसंगात तो तपशील चांगलाच कामाला येतो. खटकतं ते वेगळंच. नावांत नको तिथे ‘एच’ घुसडलेला, संवादात ब्रँडची जाहिरात केल्यासारखी यादी, आणि पहिल्या शंभर पानांत कुळाच्या खास शब्दांचा मारा. पुस्तकाच्या सुरुवातीला शब्दार्थांची यादी दिलेली असते. तिथे एक चिठ्ठी घालून ठेवा. ई-रीडरवर दर वेळी मागे जाऊन परत येणं कंटाळवाणं होतं, त्यामुळे ही मालिका कागदावरच बरी. तिसरा भाग, ‘लव्हर अवेकन्ड’, सर्वांत जड आणि सर्वांत चांगला, पण त्यासाठी पहिले दोन वाचलेले हवेत. शृंगार उघड आणि हिंसा भरपूर. शाळकरी भाचीला वाढदिवसाला द्यायचं पुस्तक हे नव्हे.

तिसरी मालिका डेबोरा हार्कनेस यांची, ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’ (2011). लेखिका विज्ञानाच्या इतिहासाच्या प्राध्यापक, आणि ते पानोपानी दिसतं. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात चेटकीण असलेली नायिका अ‍ॅशमोल 782 हे हस्तलिखित मागवते आणि सगळं सुरू होतं. हा क्रमांक खरा आहे: यादीत नोंद आहे, हस्तलिखित मात्र गहाळ. पणजीत पाट्यावरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोर्तुगीज काळातल्या कागदांत रमणाऱ्यांना हे पुस्तक आवडेल, बाकीच्यांनी आधी शे-दीडशे पानं चाखून बघावीत. नायक सुमारे दीड हजार वर्षांचा व्हॅम्पायर, उन्हात फिरतो, वाइनवर व्याख्यान देतो. अडसर आहे तो कराराचा: चेटकिणी, व्हॅम्पायर आणि डेमन या तीन अमानवी जातींनी आपसांत मिसळायचं नाही. नियम चांगला, पण तो अंगावर यायला फार वेळ लागतो. दरम्यान चहा, योगाचा वर्ग आणि नायकाची मालकी गाजवण्याची सवय. दुसरा भाग सरळ 1590 च्या लंडनला नेतो. इतिहास आवडतो त्यांना पर्वणी, प्रेमकथा हवी असलेल्यांना मुक्काम लांबलेला वाटेल.

स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ सगळ्यांना ठाऊक, म्हणून थोडक्यात. 2005 ते 2008 मध्ये चार भाग, आणि 2020 मध्ये पहिल्याच भागाची कथा एडवर्ड या व्हॅम्पायर नायकाच्या बाजूने. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना चालेल अशी चारांतली हीच. पहिला भाग आजही पकड घेतो, कारण एडवर्डला माणूस असलेल्या बेलाच्या रक्ताच्या वासाचा मोह आवरत नाही आणि तरी तो वर्गात तिच्याच शेजारी बसलेला असतो. बंधन तिथे खरंच टोचतं. मग तिसऱ्या भागात आपल्याला बजावून सांगितलं जातं की नव्याने व्हॅम्पायर झालेल्याला पहिलं वर्ष स्वतःवर ताबाच राहत नाही. आणि चौथ्यात बेला व्हॅम्पायर होते ती पहिल्या दिवसापासून ताबा ठेवूनच! तीन भाग ज्या किमतीची भीती घातली ती नायिकेकडून वसूलच झाली नाही. शेवटी दोन्ही बाजूंची सेना समोरासमोर येते आणि बोलून घरी जाते. त्यापेक्षा पहिला भाग वाचून कपाट बंद करणं बरं.

आता खरेदीचं. ई-पुस्तकाचा फुकट नमुना मिळतो त्यात दोन गोष्टी तपासा: नायकाचं निदान एक बंधन कृतीतून दिसलं का, आणि नायिकेपलीकडे त्याला आयुष्यात काही हवंय का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर पुढे पैसे घालू नका.

जुनी पुस्तकं घेणाऱ्यांना किनारपट्टीवर चांगली संधी असते. हणजूण-हरमलपासून पाळोळेपर्यंत पर्यटक जाताना जाडजूड पेपरबॅक मागे टाकून जातात आणि त्यांत हा प्रकार हमखास असतो. फक्त भाषा बघून घ्या. वॉर्डच्या मालिकेचा जर्मन अनुवाद एकेका कादंबरीचे दोन खंड करून छापलेला आहे. जर्मन येत असलं तरी ‘नाख्टयाग्ट’ हा खंड उचललात तर ‘डार्क लव्हर’चा पूर्वार्धच हाती येतो, उत्तरार्ध ‘ब्लूटओप्फर’ मध्ये आहे.

स्वस्त छोट्या आकाराच्या पेपरबॅकची पाठ नुसत्या गोंदावर असते. जुना गोंद कडक होतो, म्हणून घेण्याआधी पुस्तक बरोबर मध्यावर हळूच उघडा. कर्र असा आवाज आला तर पानं सुटणार. शेवटची दहा पानं आहेत का ते पाहा. नाकाशी धरा, कुबट वास असेल तर बुरशी आहेच, डाग दिसोत न दिसोत. तरीही घ्यायचंच असेल तर घरातल्या इतर पुस्तकांत लगेच मिसळू नका. दोन-तीन दिवस सावलीत पंख्याखाली पानं फुलवून उभं ठेवा, मग नाकाला फडकं बांधून बाहेर ओसरीवर कोरड्या ब्रशने झाडा. कडक उन्हात टाकू नका. पानं वाकतात आणि गोंद आणखी तडकतो. ओल्या फडक्याने पुसलंत तर बुरशीला खतपाणीच.

पावसाळाभर ठेवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. पुस्तकं आधी पूर्ण सुकलेली हवीत, नाहीतर ओल आतच कोंडते. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी ओढून घेतलं. ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा निळे होतात. कागदी पुडीसकट तापवू नका, दाणे ताटलीत काढून घ्या आणि त्या ताटलीत पुन्हा जेवण वाढू नका. नारिंगी दाणे मिळाले तर ते हिरवे पडेपर्यंत चालतात. ई-रीडरला यातलं काहीच लागत नाही. चार्जिंगचं भोक मात्र कोरडं ठेवा, आणि वीज जायच्या आत बॅटरी भरून घ्या.