मोडीच्या कागदासाठी दोन स्क्रीनचा लॅपटॉप

मोडी या जुन्या मराठी लिपीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. जुनी खरेदीखतं देवनागरीत उतरवणं हे माझं काम, आणि त्यात नजर हलली की ओळ सुटते. आजवर एकाच स्क्रीनवर डावीकडे स्कॅन, उजवीकडे माझा मजकूर असं चालायचं. अक्षर दिसेल एवढा स्कॅन मोठा केला की टाइप करायला जागाच उरायची नाही.

लेनोव्होचा योगा बुक ९आय हा दोन स्क्रीनचा लॅपटॉप घेऊन तीन महिने झाले. १३.३ इंची दोन ओलेड टचस्क्रीन, मध्ये बिजागरी, कीबोर्ड सुटा. सोबतच्या घडीच्या स्टँडवर उभा केला की एकावर एक दोन स्क्रीन होतात. वर कागद पूर्ण रुंदीला, खाली देवनागरी. नजर सरळ खाली येते आणि पुन्हा त्याच ओळीवर जाते. रिझोल्युशन २८८० बाय १८००, त्यामुळे अनुस्वार कुठला आणि कागदावरचा डाग कुठला हे बहुतेकदा कळतं. माझ्यासाठी सगळे पैसे इथेच वसूल झाले.

खालच्या स्क्रीनवर आठ बोटं टेकवली की काचेवरच कीबोर्ड उमटतो. दोन ओळींची दुरुस्ती असेल तर ठीक. पानंच्या पानं टाइप करायची तर सुटाच कीबोर्ड हवा. मी इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीवर टाइप करणारी, बोटांना कळ दाबल्याचं कळायला लागतं. पाच बोटं टेकवली की एकच खिडकी दोन्ही स्क्रीनभर पसरते. लांबलचक कागद एकसंध बघायला छान, फक्त बिजागरीपाशी ओळ येणार नाही एवढं सरकवून घ्यायचं.

स्क्रीन पाठीला पाठ लावून दुमडला की टॅब्लेट. पण वजन १.३४ किलो, हातात धरून वाचायची वस्तू नव्हे. टेबलावर आडवा ठेवून पेनाने शब्द तोडायला मात्र उत्तम. परवा एक आजोबा पणजोबांचं खत घेऊन आले होते. मी स्क्रीनवर खतातल्या एका नावाखाली रेघ मारली, तेव्हा म्हणाले, "ताई, हे आमचं आडनाव? असं लिहायचे?" आणि बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत बसले.

२०२३ मध्ये भारतात आला तेव्हा किंमत सव्वादोन लाखांच्या घरात होती. नुसत्या ईमेलसाठी आणि सिनेमे बघण्यासाठी एवढे घालू नका. घेतलात तर साधा यूएसबी जोडायला एक हबही घ्या: तिन्ही पोर्ट टाइप-सी आहेत, आणि लोक स्कॅन अजून साध्या पेनड्राइव्हवरच आणून देतात.